फीटल एको (पोटातल्या बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी) गोव्यात कुठे होतो? मदत हवी आहे

आम्ही देवगडचे. बायकोला 20वा आठवडा चालूय. कणकवलीत ॲनॉमली स्कॅन (बाळात काही व्यंग नाही ना ते बघायची सोनोग्राफी) केला तर बाळाच्या हृदयात एक पांढरा ठिपका दिसला, बाळाचं बाकी सगळं नॉर्मल. डबल मार्कर (डाउन सिंड्रोमसारख्या दोषांसाठीची रक्ततपासणी) लो रिस्क, शुगर-बीपी ठीक, घरात कोणाला हार्टचं काही नाही. डॉक्टर म्हणाल्या घाबरू नका, पण 22 ते 24 आठवड्यांत फीटल एको करून घ्या. वार (प्लॅसेंटा) खाली आहे म्हणून घाटातले हादरे नकोत, म्हणजे कोल्हापूर बाद, त्यापेक्षा रेल्वेने मडगाव सोपं (आई मुंबईच म्हणतेय, पण तिथे उतरायचं कुठे). तर मडगाव-पणजीकडे लहान मुलांचे हार्टचे डॉक्टर स्वतः हा एको करतात असं कुठे आहे, नंबर किती दिवस आधी लावावा लागतो आणि खर्च साधारण किती?