विषय: [साठा-महिना] राजमा आठ शिट्ट्यांनंतरही टणक

मंडळी,
शनिवारच्या जेवणाचा अडीच किलो राजमा माझ्याकडे आहे. वानगीला वाटीभर लावून पाहिला. रात्रभर भिजवला, ८ शिट्ट्या, पुढे १५ मिनिटं मंद आच. सालं सुटली, आत कचकच तशीच. साठा-महिना म्हणजे महिनाभर असलेल्या साठ्यावरच भागवायचं, त्यामुळे नवा आणायचा नाही हे ठरलेलं आहे. ४० पानं आहेत, गेल्या वेळच्या हरभऱ्यासारखं ऐनवेळी नको. काय करू?
— स्वयंपाक समिती, मिसिसागा (कॅनडा)

---
उत्तर: राजमा टणक

ताई, सगळे दाणे भिजून फुगले होते का? हे आधी बघा, कारण दोष दोन आहेत. आकार जराही न बदललेले दाणे गणंग. त्यांच्या सालातून पाणीच आत शिरत नाही, ते निवडून काढावेत. फुगूनही शिजत नसेल तर माल जुना. कडधान्य उबेत, दमट जागी पडून राहिलं की त्यातलं फायटेट (खनिजं धरून ठेवणारा घटक) मोडतं, मोकळं झालेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पेक्टिनला (पेशी जोडणाऱ्या डिंकासारख्या पदार्थाला) धरून बसतं आणि पेशी एकमेकींपासून सुटत नाहीत. तिथे नुसत्या शिट्ट्या वाढवून भागत नाही.

लिटरला १० ग्रॅम मीठ घालून भिजवा. अडीच किलोला ८ लिटर पाणी, ८० ग्रॅम मीठ, १२ तास. ते पाणी ओतून द्या, राजमा धुवा, ताज्या पाण्यात शिजवा. शिजवताना किलोला ६ ग्रॅम खाण्याचा सोडा, म्हणजे सव्वा छोटा चमचा. टोमॅटो, आमसूल, चिंच, गूळ, सगळं दाणा बोटाने चेपल्यावरच. आंबट आधी पडलं की दाणा तिथेच अडतो.
— ब्रॅम्पटनचे काका

---
उत्तर: उत्तर: राजमा टणक

> किलोला ६ ग्रॅम खाण्याचा सोडा

काका, मिठाचं पटलं, सोड्याचं नाही. सोड्याने ब-१ जीवनसत्त्व जातं, आणि महिनाभर साठ्यावर राहणाऱ्याला ते बरंचसं कडधान्यातूनच मिळायचं असतं. जास्त झाला तर साबणाची चव येते. आपल्या नळाला तलावाचं पाणी येतं, ते मध्यम जड, म्हणजे त्यातही कॅल्शियम-मॅग्नेशियम असतं. ते आधी उकळून गार करा, तळाशी बसेल ते राहू द्या आणि वरचं पाणी घ्या, त्याने थोडा फरक पडतो. तरीही नाहीच शिजला तर भिजवलेला वाटून वडे करा, हरभऱ्याच्या डाळीचे करतो तसे.

---
उत्तर: राजम्याचे वडे कृपया नकोत

हरभरा डाळ, मटकी, चवळी वाटून तळा, हरकत नाही. राजमा नाही. त्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं. ४-५ कच्च्या दाण्यांनीही दोन-तीन तासांत उलट्या सुरू होऊ शकतात, आणि वडा वरून लाल झाला तरी आत पुरेसा वेळ तापत नाही. भिजवलेलं पाणी फेकायचं, मग १०० अंशांवर खळखळून किमान ३० मिनिटं, किंवा कुकर. स्लो कुकरमध्ये घालणार असाल तर आधी उकळून घ्या. त्यात ८० अंशांपर्यंत गेलेला अर्धकच्चा दाणा साफ कच्च्यापेक्षाही जास्त बाधतो. शनिवारी मुलं जेवायला आहेत, म्हणून स्पष्ट लिहिते.

---
उत्तर: उत्तर: राजम्याचे वडे कृपया नकोत

साठा कोणत्या क्रमाने संपवायचा ते भांडार समितीने ठरवलंय, स्वयंपाक समितीने वेगळी यादी काढू नये. पुन्हा सांगतो: आधी तेलकट आणि खवट होणारं, म्हणजे सुकं खोबरं, दाण्याचा कूट, तीळ, कणीक. तांदूळ आणि डाळी थांबू शकतात, पण जुनी अख्खी कडधान्यं त्यांच्या आधी काढा, ती दर महिन्याला जास्त टणक होतात. मूग-मटकी मोडासाठी राखा, ताज्या भाजीशिवाय क जीवनसत्त्व त्यातूनच येईल. उगवतात का ते २० दाणे भिजवून आधी बघा.

पोरकिड्यांचे तांदूळ टाकू नका. उणे १८ अंशांवर ४ दिवस ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर आत पाणी सुटतं आणि बुरशी धरते. मग चाळून घ्या.
— भांडार समिती

---
उत्तर: राजमा टणक

आज मिठात घातला. सोडा निम्मा घेते, किलोला ३ ग्रॅम. वडे नाहीत. १० लिटरचा कुकर कडधान्याला निम्म्यावर भरत नाही, म्हणजे एका वेळी किलोभरच, तीन घाणे होतात. शुक्रवारी संध्याकाळी दुसरा कुकर कोण देईल? शिट्टी आणि रिंग तपासून आणावी.
— स्वयंपाक समिती