मदत हवी आहे: दहाचाकीच्या मागच्या चाकाचे नट कुठले घेऊ?

चिरेवाला: मागच्या चाकाचे नट गेलेत, आवळले तरी ढिले होतात. ३२ चा पाना लागतो. दुकानदाराने दोन प्रकार दाखवले, दोन्ही २२ मिमी आट्यांचेच म्हणतो. कुठले घेऊ? पहाटे जांभा भरून रत्नागिरीहून कोल्हापूरला निघायचंय, मध्ये आंबा घाट. लवकर सांगा.

घाटमाथा: गाडी कुठली, किती जुनी? चाक डावं की उजवं? ३२ हा पान्याचा नंबर झाला, त्यावरून आटे कळत नाहीत.

चिरेवाला: टिप्पर आहे हो, जुना घेतलेला. डावं चाक. सगळ्यांना एकच नट लागतात ना?

पाटा_कमान: मुळीच नाही. आधी जुना नट उलटा करून बघा. डिस्कवर, म्हणजे चाकाच्या मधल्या पत्र्यावर, बसणारा भाग निमुळता आहे की सपाट, फिरत्या वॉशरचा? डिस्कच्या भोकाला उतार असेल तर निमुळताच हवा. सपाट नट तिथे नुसता कडेवर टेकतो नि काही किलोमीटरात ढिला पडतो. तुमचं दुखणं तेच वाटतंय. शिवाय जुन्या गाडीला पाऊण इंच, सात अष्टमांश असे इंचाचे स्टडही (नट बसतो ते बोल्ट) सापडतात. सात अष्टमांश म्हणजे २२.२ मिमी, दिसायला २२ च. नट हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे. अडला की थांबा, पाना लावू नका.

जुना_क्लीनर: एवढं कशाला? नटाला ऑइल लावा, पान्यात लांब पाईप घाला, दोघांनी उभं राहा. आम्ही कायम तसंच करत आलो.

पाटा_कमान: त्यानेच स्टड ताणले जातात, दादा. २२ मिमी स्टडवरच्या सपाट नटाला ६०० न्यूटन मीटरच्या आसपास आवळणं पुरतं. म्हणजे मीटरभर दांड्याच्या टोकाला साधारण ६० किलो. दोघं उभे राहिले तर दुपटीच्या वर जातं. तेल आट्यांना थेंबभर ठीक, निमुळत्या तोंडाला अजिबात नको.

जुना_क्लीनर: टॉर्क पाना, तो जोर मोजून आवळणारा, घाटात कुठून आणायचा? पाईप सगळ्यांकडे असतो.

हवा_पाणी: टायरमध्ये नायट्रोजन भरता का? मी तर सगळ्यांना तेच सांगतो.

घाटमाथा: नट विचारलेत हो. चिरेवाले, काही गाड्यांना डाव्या बाजूला उलटे आटे असतात, तेही बघा. आणि स्टडचं काय?

चिरेवाला: बघितलं. नट निमुळता, आटे सरळच. दुकानातला एक हाताने पूर्ण जातो, दुसरा दोन आट्यांत अडतो. पण दोन स्टडचे आटे चेपलेत.

पाटा_कमान: मग हाताने जाणारा, निमुळत्या तोंडाचाच घ्या, आणि त्या चाकाचे सगळे बदला. चेपलेले स्टडही काढा, नुसत्या नव्या नटाने भागणार नाही. हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि डिस्क टेकतात तिथला गंज, रंगाचे थर ब्रशने घासून काढा. नट समोरासमोरचे आवळत जा. भरल्यावर ५०-१०० किलोमीटरला परत आवळा. तुम्ही साखरप्याला थांबा, घाट चढायच्या आधी.

घाटमाथा: डिस्कची भोकं लांबट झालीत का?

चिरेवाला: जोडचाकातल्या आतल्या डिस्कची दोन झालीत.

घाटमाथा: मग ती डिस्क लावूच नका. स्टेपनीची घाला.

चिरेवाला: घालतो. स्टड उद्या सकाळी मिळतील, भरणी परवावर ढकलली.

हवा_पाणी: जांभ्याचा सध्या काय दर चाललाय हो?