शनिवार-रविवार, पिच्चर आणि घरची माणसं : तुमचे अनुभव सांगा

शुक्रवारी रात्री हुतात्मा एक्स्प्रेसनं लेक पुण्याहून आला आणि चप्पल काढता काढताच म्हणाला, "आई, दोन दिवस कुठं जायचं नाही. सगळ्यांनी मिळून पिच्चर बघायचे." शनिवारी आमच्या जुळे सोलापुरात नळाला पाणी येणार होतं, त्यामुळं सकाळ टाकी आणि घागरी भरण्यात गेली. दुपारी पडदे ओढले, मधे शेंगाचटणी, दही आणि कडक भाकरी ठेवली आणि पाचही जण टीव्हीपुढं बसलो. सासूबाई ब्याऐंशीच्या. दर पाच मिनिटांनी विचारायच्या, "हा कोण? मघाचाच का?" लेक दर वेळी पिच्चर थांबवून त्यांना सगळं सांगायचा. दोन तासांचा पिच्चर साडेतीन तास चालला. फोनवर आजी-नातवाचं बोलणं "जेवलास का" एवढ्यावर संपतं. त्या दुपारी पडद्यावर वरात आली आणि सासूबाईंनी स्वतःच्या लग्नाचं सांगायला घेतलं : अक्कलकोटहून बैलगाड्यांनी निघालेलं वऱ्हाड, वाटेत मोडलेलं चाक, चिंचेखाली काढलेली रात्र. पंचवीस वर्षं या घरात आहे, मीही हे पहिल्यांदा ऐकलं.

तुमच्याकडं काय घडतं? सविस्तर लिहा.

*

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, घरात तेलुगू. वडील मागावर चादरी विणायचे आणि अव्वा, म्हणजे आई, बिड्या वळायची. रविवारी टीव्हीवर तेलुगू पिच्चर लागला, तरी मांडीवरचं सूप खाली ठेवायची नाही. नजर पडद्यावर, आणि बोटं आपली पान, तंबाखू, दोरा, पान, तंबाखू, दोरा. दुःखाचा प्रसंग आला की मात्र बोटं थांबायची. आम्ही भावंडं पडद्याऐवजी तिच्या हातांकडं बघत बसायचो.

माझी बायको बार्शीची, तेलुगूचा गंध नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी आम्ही सगळे थेटरात गेलो. अव्वा तिच्याशेजारी बसली आणि अख्खा पिच्चर तिच्या कानात आपल्या मराठीत सांगितला : "तो आला. ती रागावलं. आता मारतंय बघ." मध्यंतरात बायकोनं तिचा हात धरला तो घरी येईपर्यंत सोडला नाही. अव्वा जाऊन चार वर्षं झाली. बायको आता तेलुगू पिच्चर कुणी न सांगता बघते.

*

आमच्याकडं नियम एकच. रविवारी मटण चुलीवर चढलं की पिच्चर सुरू, आणि पिच्चर कुठंही असो, मटण शिजलं की बंद. उरलेला रात्री. त्यामुळं जेवताना पुढं काय होणार यावर वाद. माझी सात वर्षांची पुतणी सांगते तो शेवट मला बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा जास्त आवडतो.

*

मूळ करमाळा तालुका, आता सोलापुरात. २०१६ च्या एप्रिलअखेर 'सैराट' आला. नागराज मंजुळे आमच्याच तालुक्यातल्या जेऊरचे आणि चित्रीकरणही करमाळ्याकडचं, म्हणून पहिल्याच रविवारी सगळं घर गेलं. वडील कधी थेटरात न जाणारे. मध्यंतरापर्यंत ते पोरासारखे खूश होते, "ही आपल्याकडची वाट रं, हे आपलं रान." गाण्याला लोक उठून नाचत होते आणि वडील टाळ्या वाजवत होते.

शेवटी ते रडत चालणारं लेकरू आणि त्याची लाल पावलं. थेटरात एक आवाज नाही. वडील रिक्षात बोलले नाहीत, घरी जेवले नाहीत. माझ्या धाकट्या आत्यानं जातीबाहेर लग्न केलं होतं. अकरा वर्षं तिचं नावही आमच्या घरात निघत नव्हतं. त्या रात्री वडील गच्चीवर आले आणि मला एवढंच विचारलं, "तिला लेकरं किती आहेत?"

मला माहीत होतं. आम्ही लपून फोनवर बोलायचो. "दोन," म्हणालो.

लगेच काही झालं नाही. पण जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला आत्या दोन्ही लेकरांना घेऊन आली. नंदीध्वजांची मिरवणूक बघायला वडिलांनी धाकट्याला खांद्यावर घेतलं होतं.

*

करमाळ्याच्या दादा, तुमचं वाचून सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी दुसऱ्यांदा वाचायला लावलं.

लेक सोमवारी सकाळच्या हुतात्मानं गेला. रविवार रात्रीचा पिच्चर संपायच्या आधीच सासूबाईंना झोप लागली होती. आज सकाळी विचारलं, "शेवटी ती पोरगी घरी आली का?" मी सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "तू नको. तो शनिवारी येईल तेव्हा सांगेल."