मदत हवी आहे: आपल्याकडच्या उन्हात रायझन ओव्हरक्लॉक करायला कोणता कूलर घेऊ?

राजेहो, विदर्भात कोणी प्रोसेसर ओव्हरक्लॉक करून, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवून, वापरत असेल तर सांगा.

आर्वी तालुक्यातल्या गावात लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, प्रोसेसरसोबत आलेला छोटाच कूलर. लग्नसराईत रेंडर रात्रभर चालतं, म्हणून सगळे कोअर ४.२ गिगाहर्ट्झवर टिकवायचे आहेत. बायोसमधून (बोर्डाच्या सेटिंगमधून) मल्टिप्लायर, म्हणजे वेग ठरवणारा गुणक, वाढवणं जमतं. खरी अडचण उष्णतेची. या प्रोसेसरची मर्यादा ९५ अंश, अन् मे महिन्यात आमच्या टिनाच्या खोलीतच पारा चाळिशीपार जातो.

मोठा टॉवर कूलर (पंख्याच्या हवेवर चालणारा) घ्यावा की २४० मिमीचा लिक्विड (द्रव फिरवून थंड करणारा)? दोन्ही खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाहीत, मग लिक्विडच्या जादा पैशांचं चीज होते का? एक मित्र पेल्टिअर प्लेट (वीज दिली की एक बाजू थंड अन् दुसरी गरम होणारी चकती) लावायला सांगतो. ती खोलीपेक्षा थंड होते हे खरं, पण स्वतःच भरपूर वीज खाते, मागची बाजू तापते ते वेगळंच. त्यात खोलीत वाळ्याचा कूलर चालू, हवा दमट. प्लेटखाली पाणी सुटून बोर्ड गेला तर सीझनच बुडाला. मला तर तो मार्ग पटत नाही. कोणी प्रत्यक्ष वापरली आहे का?

दुसरं, कापूस घरात भरला की रुईचे तंतू कूलरच्या पात्यांत नमद्यासारखे बसतात. कॅबिनेटला कोणती जाळी लावता?

शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेजही पडतं. स्टॅबिलायझर पुरेल की यूपीएसच घ्यावा?