यांकीज 1927: खेळाडूंचे क्रमांक कोणते?

प्रश्न: 1927 ची वर्ल्ड सिरीज (अमेरिकी बेसबॉलची अंतिम विजेतेपदाची मालिका) जिंकणाऱ्या न्यूयॉर्क यांकीज संघाची क्रमांकांसह यादी मी तयार करीत आहे. बेब रूथ 3 आणि लू गेरिग 4 हे ठाऊक आहे. इतरांचे क्रमांक कोणते होते?

पहिले उत्तर: त्या वर्षी त्यांच्यापैकी कोणाच्याही पाठीवर क्रमांक नव्हता. यांकीजने क्रमांक 1929 मध्ये स्वीकारले आणि फलंदाजीच्या क्रमानुसार वाटले, म्हणून कोम्ब्स 1, कोनिग 2, रूथ 3, गेरिग 4, म्यूझेल 5 आणि लाझेरी 6 झाले. 1927 च्या नावांपुढे हे आकडे कृपया लिहू नयेत. त्याने इतिहास चुकीचा नोंदला जातो.

दुसरे उत्तर: क्रमांकांसह विजेता संघच हवा असेल, तर शिकागो कब्जला सलग चार सामन्यांत हरवणारा 1932 चा संघ घ्यावा. गेरिगचा 4 हा तर मेजर लीगमध्ये (अमेरिकी बेसबॉलच्या सर्वोच्च स्तरावर) सन्मानाने निवृत्त केलेला, म्हणजे संघात पुन्हा कोणालाही न देण्याचे ठरवलेला, पहिला क्रमांक ठरला.