मदत हवी आहे : आठवीच्या मुलामुलींना गृहशास्त्र शिकवताना

नमस्कार. आमच्या गावच्या माध्यमिक शाळेत येत्या जूनपासून आठवीच्या ४२ मुलामुलींना आठवड्यातून दोन तासिका गृहशास्त्र शिकवण्याचे काम मी स्वीकारले आहे. पालकसभेत मुलग्यांच्या वडिलांनी ‘आमच्या मुलांना हे कशाला?’ असे विचारले, तर मुलींच्या आयांचे म्हणणे होते की स्वयंपाक आम्ही घरीच शिकवतो. दोघांचीही समजूत अशी की हा विषय म्हणजे पाककृती आणि भरतकाम.

मी स्वतः शाळेत हा विषय घेतला होता आणि त्यातून मला मिळाली ती घरात रोज घडणाऱ्या गोष्टींची कारणे. डाळ लवकर शिजावी म्हणून घातलेल्या सोड्याने तिच्यातले थायमिन (ब१ जीवनसत्त्व) नष्ट होते, आणि तांदळात कमी असलेला लायसिन हा प्रथिनांतला घटक डाळीतून, तर डाळीत कमी असलेला मेथिओनिन हा दुसरा घटक तांदळातून मिळत असल्यामुळे वरणभाताची प्रथिने एकमेकांची उणीव भरून काढतात, हे मला तिथे कळले. धागा जाळून कापड ओळखायलाही आम्ही शिकलो. सुती धागा कागदासारखा जळतो, लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. जुलाब होणाऱ्या मुलाला द्यायच्या पाण्याचे प्रमाण (एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा) मला आजही पाठ आहे, आणि हे माहीत असणे बापालाही तितकेच आवश्यक आहे असे मला मनापासून वाटते.

जपानमध्ये १९९३ पासून माध्यमिक आणि १९९४ पासून उच्च माध्यमिक शाळांत हा विषय मुलग्यांनाही सक्तीचा आहे, हे मी सभेत सांगितले; परंतु पालकांना जवळचे उदाहरण हवे आहे. आपल्याकडे मुलग्यांना गृहशास्त्र शिकवलेल्या शिक्षकांनी आपला अनुभव कृपया लिहावा. शाळेत प्रयोगशाळा नाही, एकच शेगडी आहे, तेव्हा गट कसे पाडावेत?

सर्वांत मोठी अडचण घरखर्चाच्या अंदाजपत्रकाची आहे. वर्गात शेतमजुरांची मुले आहेत आणि नोकरदारांचीही. स्वतःच्या घरचा जमाखर्च मांडायला सांगितले तर कोणाची मिळकत किती हे सर्वांसमोर उघड होईल, आणि काल्पनिक कुटुंब दिले तर मुलांना ते आपले वाटणार नाही, अशी मला भीती आहे. हा पाठ आपण कसा घेतला?