मदत हवी आहे: २१४७४८३६४७ मूळ संख्या आहे, हे हाताने कसं पटवायचं?

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, पूर्व भागातला. नववीतल्या पुतणीनं विचारलं, "काका, २१४७४८३६४७ ला कशानेच भाग जात नाही कशावरून?" ही संख्या म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १. ती मूळ असल्याचं ऑयलर या गणितज्ञानं १७७२ साली दाखवलं, अर्थात हातानेच.

सरळ जायचं तर तिच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे ४६३४० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. त्या ४७९२ भरतात. आमच्या उन्हाळ्यात एवढे भागाकार कोण करणार!

मग कळलं, तिचा कुठलाही भाजक ६२क + १ याच रूपाचा असतो (क म्हणजे कुठलीही पूर्ण संख्या). हे पटलं: फर्माच्या छोट्या प्रमेयामुळे (प ही विषम मूळ संख्या असेल, तर २ चा (प - १) वा घात वजा १ ला प ने भाग जातो) मूळ भाजकातून १ वजा केला की ३१ ने भाग जातो, आणि भाजक विषम म्हणून २ नेही. ताळा २०४७ वर घेतला. ती २ चा ११ वा घात वजा १, म्हणून २२क + १. २३ गुणिले ८९, बरोब्बर.

अडलंय पुढे. ऑयलर २४८क + १ आणि २४८क + ६३ एवढेच तपासतो. ६२ ची चौपट २४८, म्हणून ६२क + १ ला २४८ ने भागलं तर बाकी १, ६३, १२५ किंवा १८७ येते. मग २४८क + १२५ आणि २४८क + १८७ कुठे गेले? म्हणे ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च यायला हवी. पण का? 'वर्गशेष' (एखाद्या वर्गसंख्येला भागून उरणारी बाकी) या शब्दापाशी माझी गाडी बंद पडते. नववीच्या पोरीला कळेल असं कुणी सांगाल का? रविवारी ती परत येतेय.